जुनेपणाचा लेप

भिलाई हे शहर वयाने लहान आहे. पैठण, नाशिक किंवा पंढरपूर यांच्या पंक्तीला त्याला बसविता येणार नाही. शेजारच्या देवबलोद्याचे कलचुरीकालीन शिवमंदिर सोडले तर प्राचीनतेचा आधार म्हणून बोट दाखवावे असे तेथे फारसे काही नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलादाच्या कारखान्याचा करार झाला, त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात मोडत होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ व छत्तीसगड यांचा एका राज्यातील सहवास संपला. पण रेल्वेचा रूळ तोच राहिला. नागपुराहून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेल्या या नव्या नगरीकडे विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे त्याच रुळाने गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. १९६० साली रूळ घडविणारी गिरणी चालू झाली आणि भारतीय रेल्वे भिलाईच्या रुळांवर धावू लागली.

या सर्व घटना कॅमेऱ्यापुढे घडल्या. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या इतिहासाला दफ्तरे आहेत, बखरी आहेत, मोडी रुमाल आहेत. भिलाईला जन्मापासून छायाचित्रे आहेत. भातशेताच्या जागी खणलेला पाया, डोक्यावर घमेले घेतलेल्या छत्तीसगडी स्त्रिया, रशियन अभियंत्यांशेजारी हेल्मेट घालून उभे असलेले हिंदी तरुण, सेक्टरमधील एकसारख्या घरांपुढे लावलेली पहिली रोपे ही अशा शहराच्या इतिहासाची मूळ साधने होत. सरकारी प्रसिद्धीखात्याची चित्रे बहुधा टिपणांसह जपली गेली. घरगुती अल्बमांतील चित्रे ज्याच्या त्याच्या दैवावर राहिली.

आता एक नवीनच प्रकार दिसू लागला आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने आज सकाळी घेतलेल्या चित्रावर तपकिरी रंग चढवावा, त्यावर जीर्ण कागदाच्या सुरकुत्या पसराव्यात, कोपरे थोडे काळवंडावेत, मध्ये दोनचार ओरखडे मारावेत, आणि पाहणाऱ्याला क्षणभर असे वाटावे की हे आजोबांच्या पेटीतून निघाले. या कामासाठी लागणाऱ्या जुन्या कागदांची, भिंतींच्या पोपड्यांची, गंजलेल्या पत्र्यांची छायाचित्रे तयार मिळतात. त्यांना कारागीर 'टेक्स्चर' म्हणतात, आणि ती मूळ चित्रावर अंथरण्याच्या क्रियेला 'ओव्हरले'. कोणी लग्नाच्या आमंत्रणासाठी हे करतो, कोणी संस्थेच्या स्मरणिकेसाठी, कोणी नुसत्या हौसेने. यात दोष काय, असा प्रश्न कोणीही विचारील. आणि तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही करामत चालते कशी हे पाहणे इष्ट ठरेल.

अंकीय छायाचित्र म्हणजे आकड्यांचा एक मोठा तक्ता. साध्या करड्या चित्रातील प्रत्येक बिंदूला ० ते २५५ यांमधील एक संख्या दिलेली असते. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. रंगीत चित्रात तांबडा, हिरवा व निळा अशा तीन संख्या असतात, एवढाच फरक. एका चित्रावर दुसऱ्या चित्राचा थर ठेवायचा म्हणजे दोन तक्त्यांतील समोरासमोरच्या संख्यांवर काही गणित करायचे. त्यांपैकी 'मल्टिप्लाय' नावाच्या रीतीत दोन संख्यांचा गुणाकार करून त्याला २५५ ने भागतात. चेहऱ्यावरील एखादा बिंदू २०० असेल आणि त्यावर येणारा जुन्या कागदाचा डाग १५० असेल, तर उत्तर सुमारे ११८ येते. म्हणजे बिंदू दोन्ही मूळ बिंदूंहून काळा झाला. या रीतीने डाग, मळ, सावली ही सर्व उमटतात. परंतु काहीही उजळ होऊ शकत नाही. खऱ्या छायाचित्रावर नख ओढले की वरचा थर निघून खालचा पांढरा कागद दिसतो. तो पांढरा ओरखडा गुणाकाराने कधीच साधणार नाही. त्यासाठी 'स्क्रीन' ही उलटी रीत वापरावी लागते. तीत दोन्ही बिंदूंमधील काळेपणाचा गुणाकार होतो, आणि वरच्याच दोन संख्यांपासून २३२ हे उत्तर मिळते. 'ओव्हरले' नावाची तिसरी रीत या दोहोंची सांगड घालते: मूळ चित्र जेथे गडद असेल तेथे ते अधिक गडद, जेथे उजळ असेल तेथे अधिक उजळ. वर ठेवलेला थर किती पारदर्शक असावा हेही शेकड्यात ठरविता येते. असे पाचसहा थर रचले की पन्नास वर्षांचे काम पाच मिनिटांत होते.

ही सोय फार जुनी नाही. अमेरिकेतील कोडॅक कंपनीचा तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने १९७५ साली पहिला अंकीय कॅमेरा जुळविला. त्यात एक चित्र फितीवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. थॉमस व जॉन नोल या बंधूंचा 'फोटोशॉप' १९९० साली बाजारात आला, आणि एकमेकांवर स्वतंत्र थर ठेवण्याची व्यवस्था त्यात १९९४ साली झाली. पुढे २००९ साली 'हिप्स्टामॅटिक' आणि २०१० साली 'इन्स्टाग्राम' निघाले, तेव्हा एका बोटाच्या स्पर्शाने चित्र जुने करणे हा लक्षावधी लोकांचा खेळ झाला. कॅमेरे दिवसेंदिवस अधिक स्वच्छ, अधिक निर्दोष होत गेले, त्याच काळात त्या निर्दोषतेचा लोकांना वीट यावा, यात नवल नाही. कल्हई केलेल्या भांड्यापेक्षा वापरून काळवंडलेले भांडे अधिक जिव्हाळ्याचे वाटते, त्यातलाच हा प्रकार.

पण एका कलावस्तूवर दुसऱ्याची कातडी चढविण्याची युक्ती अंकीय युगाने शोधली असे समजणे चूक होईल. छायाचित्रणाच्या अगदी बालपणी ती होती, आणि तिच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी एक चक्क मुंबईचे आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली; पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या पिढीतील नामांकित छायाचित्रकार. त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन हा मुंबई सरकारच्या नोकरीतील गृहस्थ. त्याने मुंबईत राहणाऱ्या व येणाजाणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील माणसे एका जागी टिपलेली आणि मागची देवळे, समुद्रकिनारे, इमारती दुसऱ्याच जागच्या. दोन्ही कापून जोडलेली. आज ते खंड मुंबईच्या समाजजीवनाचे साधन म्हणून चाळले जातात. त्यांतील पोशाख खरा, चेहरा खरा, इमारतही खरी. परंतु तो मनुष्य त्या इमारतीपुढे कधी उभा राहिला होता असे मात्र म्हणता येत नाही. अभ्यासकाने हे ध्यानात ठेवले नाही तर तो खऱ्या तपशिलांवरून खोटा निष्कर्ष काढील.

विलायतेत याच सुमारास असेच प्रयोग चालू होते. ऑस्कर रेलँडरने १८५७ साली तीसहून अधिक काचांवरील प्रतिमा जोडून एक भव्य चित्र तयार केले. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे समुद्र एका काचेवरून आणि ढग दुसऱ्या काचेवरून घेई, कारण त्या काळच्या रसायनाला आकाश आणि पाणी एकाच वेळी नीट दिसत नसे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी छायाचित्राला रंगचित्राची योग्यता यावी म्हणून कलावंतांनी डिंकाचे, तेलाचे, खडबडीत कागदाचे नाना प्रकार केले. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातील विल्यम मॉर्टेन्सन याच्यासारखे लोक तर काचेवरील चित्र मोठे करताना त्याला लागून एक जाळीदार पारदर्शक पडदा ठेवीत. मग कागदावर उमटलेल्या चित्राला कापडाचा किंवा कोरीव ताम्रपटाचा पोत येई. आजचा 'टेक्स्चर ओव्हरले' तो हाच. अंधाऱ्या खोलीतील लाल दिवा गेला आणि गणित आले, इतकेच.

या सर्व कसबी लोकांमध्ये आणि आजच्यांमध्ये एक मोठा फरक आहे. त्यांना चित्र सुंदर करायचे होते, जुने करायचे नव्हते. जुनेपणाची त्यांना धास्ती होती. लंडनच्या छायाचित्रण संस्थेने १८५५ साली एक समिती नेमली होती, आणि तिचे काम छायाचित्रे फिकी का पडतात याचा शोध घेणे हे होते. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्या कामासाठी ५० पौंड दिले. समितीने जी कारणे सांगितली ती आजही खरी आहेत: चित्र पक्के करण्यासाठी वापरलेला हायपो पुरेसा धुतला न जाणे, दमट हवा आणि हवेतील गंधक. दहाबारा वर्षांतच आपली चित्रे पिवळी पडताना पाहून ज्यांची झोप उडाली होती, त्यांना पुढे कोणी मुद्दाम पिवळेपणा विकत घेईल असे सांगितले असते तर त्यांचा विश्वास बसला नसता.

येथे 'जुने' दिसणे म्हणजे नेमके काय हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे; कारण या लेपातील सर्वांत मोठी गफलत येथेच आहे. छायाचित्राचे म्हातारपण एकाच प्रकारचे नसते. ज्या रसायनाने ते जन्मते त्या रसायनाचे म्हातारपण त्याला येते. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक चित्रे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छापलेली असत. ती पहिल्या दिवसापासूनच तांबूस किंवा जांभळट असत. वयाने त्यांचा उजळ भाग पिवळा पडला. विसाव्या शतकातील ब्रोमाइड कागदाचे चित्र काळे-पांढरे. ते नीट धुतले असेल तर साठ वर्षांनीही काळे-पांढरेच राहते, फक्त कडांच्या गडद भागावर पाऱ्यासारखी निळसर झाक येते, कारण थरातील चांदी हळूहळू पृष्ठभागावर येते. आणि ज्या तपकिरी रंगाला लोक जुनेपणाची खूण मानतात, तो 'सेपिया' रंग तर पुष्कळदा म्हातारपणाविरुद्ध केलेला उपाय होता. चित्रातील चांदीचे गंधकाशी संयुग करून टाकले की ती हवेला दाद देत नाही. त्या द्रावणाला कुजक्या अंड्याचा वास येई आणि स्टुडिओतील पोरे नाक दाबून ते काम करीत. पण चित्र टिके. म्हणजे तपकिरी रंग पाहून हे चित्र काळाने खाल्ले असे म्हणणे हे औषधाच्या बाटलीलाच रोग म्हणण्यासारखे आहे.

रंगीत चित्रांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत चांदी उरत नाही. पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन रंग उरतात, आणि ते तिघे सारख्या वेगाने मरत नाहीत. पूर्वीच्या पुष्कळ रंगीत कागदांत अल्बममध्ये अंधारात ठेवलेल्या चित्रातला निळसर रंग आधी जाई आणि सगळे दृश्य तांबूस होई. भिंतीवर उजेडात टांगलेल्या चित्रातला किरमिजी आधी जाई. भिलाईसारख्या गावी, जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लगेच मागून पावसाळ्याची दमट हवा येते, तेथे जिलेटिनचा थर फुगतो व आकसतो, बुरशी धरते, चित्रे अल्बमच्या चिकट पानांना कायमची बिलगून बसतात. अशा रीतीने चित्राच्या देहावर त्याचे चरित्र लिहिले जाते. ते कोठे ठेवले होते, कोणत्या कागदावर छापले होते, ते घर गळके होते की कोरडे, हे जाणकाराला त्यावरून वाचता येते.

ओव्हरलेच्या कारागिराला हे वाचन ठाऊक नसते. त्यामुळे तो सर्व वार्धक्ये एकाच अंगावर लादतो. तो अंड्याच्या बलकाचा पिवळेपणा घेतो, त्यावर काचेला जातात तसे तडे देतो, आणि वर उभे लांबलचक ओरखडे काढतो. पण असे उभे ओरखडे स्थिर चित्राला पडत नाहीत. ते चलत्चित्राच्या फितीचे दुखणे आहे. प्रक्षेपकातून फीत खाली सरकताना धुळीचा कण तिला उभी रेघ पाडतो. १९१३ साली पडद्यावर आलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'सारख्या जुन्या बोलपटपूर्व चित्रांच्या फितींवर त्या रेघा शोभतात. सेक्टरमधील घरापुढे उभ्या असलेल्या कुटुंबाच्या चित्रावर त्यांचे काही काम नाही. गंजलेल्या पत्र्याच्या पोताचेही तसेच. पोलादाच्या नगरीत गंजाला तोटा नाही, आणि कोणाही हौशी माणसाला दाराबाहेर पडले की उत्तम पोत टिपता येईल. पण कागद गंजत नाही. गंजणारे छायाचित्र जगात होऊन गेले, नाही असे नाही. १८५६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेला 'टिनटाइप' हा प्रकार लोखंडी पत्र्यावरच काढीत, आणि त्याचा लेप उडाला की त्याला खरोखरच गंज चढे. तेवढा अपवाद सोडला तर चेहऱ्यावर गंज पसरविणे म्हणजे संगमरवराला वाळवी लागली म्हणण्याचा प्रकार होय.

महाराष्ट्राला या परीक्षेची सवय आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास घेतली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, आणि एका पिढीने हजारो कागद हाताळले. वतनासाठी, इनामासाठी, गावच्या मानपानासाठी बनावट कागद करणे हा जुना धंदा होता. कागद काळवंडावा म्हणून त्याला धूर देत, पाण्यात बुडवीत, चुलीवर टांगीत. संशोधकाने त्या धुराकडे पाहून भुलायचे नसे. त्याने शक आणि तिथी जुळते का, शिक्का त्या सालचा आहे का, मोडीचे वळण त्या काळचे आहे का, मायना त्या माणसाच्या पदवीला साजेसा आहे का, हे पाहायचे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला. त्याच्या पाठीशी मोठी फौज जमली आणि १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत राज्याला घोर लागून राहिला. चेहऱ्याचे साम्य पुष्कळांना पुरे वाटले होते. खऱ्या भाऊसाहेबांना ठाऊक असलेल्या गोष्टी मात्र त्याला ठाऊक नव्हत्या.

छायाचित्राच्या बाबतीत हीच शिस्त किती उपयोगी पडते याचे एक उदाहरण मराठी मनाला विशेष जवळचे आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र बरीच वर्षे फिरत आहे. ते १८५० साली हॉफमन या छायाचित्रकाराने घेतले अशी टीप त्याबरोबर असते. ते दिसते जुने, रंगाने तपकिरी, आणि पाहणाऱ्याचे हात आपोआप जुळतात. परंतु हॉफमन हे नाव ज्या 'जॉन्स्टन अँड हॉफमन' या कलकत्त्याच्या प्रसिद्ध पेढीमुळे माहीत आहे, ती पेढी १८८०च्या दशकात निघाली. आणि राणीसाहेब १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरीस धारातीर्थी पडल्या. चित्रातील स्त्री कोणी तरी खरी असेल, चित्रही खरे जुने असेल. त्यावर चिकटविलेले नाव आणि साल मात्र एकमेकांना भेटत नाहीत. येथे कोणी पोताचा लेप दिला नव्हता, तरीही केवळ जुने दिसण्याच्या जोरावर ते घरोघर गेले. मग ज्याला जुनेपणा हवा तेवढा लेपता येतो, त्याचे सामर्थ्य केवढे असेल!

या दृष्टीने भिलाईकडे पुन्हा पाहावे. या शहराचा आरंभकाळ ब्रोमाइड कागदाचा काळ आहे. झोतभट्टीच्या उद्घाटनाच्या त्या दिवसांतील वृत्तचित्रे काळी-पांढरी आहेत. त्यांत धग आहे, धूळ आहे, पण तपकिरी धुके नाही. वर्धापनदिनाच्या एखाद्या फलकासाठी त्यांच्यावर सेपियाचा हात फिरविला की ती एकदम व्हिक्टोरिया राणीच्या काळात जाऊन बसतात. यात एका वर्षाचीही तारीख बदललेली नसते, तरी काळ बदलतो. कारखाना उभारणाऱ्या माणसांची नातवंडे आज त्या शहरात नोकऱ्या करीत आहेत. त्यांना आपले आजोबा कोणा पुराणपुरुषासारखे दिसू लागतात. वास्तविक ते आजोबा नव्या यंत्रापुढे, नव्या चड्डी-सदऱ्यात, नव्या देशाच्या उत्साहात उभे होते. त्या चित्राचा सारा अर्थच त्याच्या नवेपणात आहे.

दूर सरकविण्याची ही शक्ती नेहमीच निरुपद्रवी नसते. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. त्या घटनांविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या फार जुन्या नाहीत. त्यांत आप्त गमावलेली माणसे हयात आहेत. रंगीत फिल्म तोवर घरोघर पोहोचली होती. त्या दिवसांच्या एखाद्या चित्रावर कोणी जीर्ण कागद अंथरला, तर ते दुःख आपोआप 'फार पूर्वी'च्या कप्प्यात जाते, आणि फार पूर्वीच्या गोष्टींचा जाब कोणी कोणाला विचारीत नाही. लेप देणाऱ्याच्या मनात असे काही नसेलही. तो म्हणेल, नुसते चांगले दिसावे म्हणून केले. त्याचे म्हणणे खरे धरले तरी परिणाम तोच होतो.

याच्या उलट बाजूचीही एक हानी आहे आणि ती अधिक सूक्ष्म आहे. ज्या गावांच्या जमिनींवर कारखाना व नगरी उभी राहिली, त्यांपैकी एखाद्या गावाच्या तलावाचे, चावडीचे किंवा जत्रेचे १९५५ पूर्वीचे छायाचित्र कोणा शेतकऱ्याच्या ट्रंकेतून उद्या निघाले, तर त्याचे मोल सोन्याहून अधिक होईल. पण खोट्या जुन्या चित्रांचा सुळसुळाट झाल्यावर त्या चित्राकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील? हे सुद्धा कोणी तरी बनविले असेल, असे म्हणून ते बाजूला सारले जाईल. खोट्या नाण्यांनी बाजार भरला की खऱ्या नाण्यालाही दगडावर वाजवून पाहिल्याशिवाय कोणी हातात घेत नाही. आता तर कॅमेऱ्याचीही गरज उरलेली नाही; चार शब्द लिहून दिले की यंत्र न घडलेल्या प्रसंगाचे डागाळलेले चित्र रचून देते.

म्हणून हौसेवर बंदी घालावी असे कोणी सुचविणार नाही. नाटकाच्या जाहिरातीला, कवितेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला, घरच्या समारंभाच्या पत्रिकेला जुन्या कागदाचा साज शोभतो, आणि तेथे कोणी फसतही नाही. पौराणिक नाटकातील राजाच्या मुकुटाला कोणी कसोटीचा दगड लावत नाही. अडचण तेथे येते, जेथे तेच चित्र स्मरणिकेत, शाळेच्या पुस्तकात किंवा संग्रहालयाच्या भिंतीवर साल लिहून लावले जाते. तेथे निदान एवढे व्हावे की मूळ चित्र आहे तसे वेगळे जपले जावे आणि लेप दिलेल्या प्रतीखाली तसा उल्लेख असावा. अंकीय चित्राच्या पोटात त्याची तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचे नाव नोंदलेले असते. १९९५ साली जपानमध्ये ठरविलेल्या 'एक्झिफ' या पद्धतीने ही नोंद होते. परंतु ही नोंद सहज पुसली जाते, आणि पुष्कळदा चित्र या मोबाइलवरून त्या मोबाइलवर जाता जाता आपोआपच गळून पडते. चित्राबरोबर त्याच्या फेरफारांचा इतिहास बांधून ठेवण्याचे मार्ग २०२१ पासून काही मोठ्या कंपन्या एकत्र येऊन आखीत आहेत. ते भिलाईच्या घराघरांत पोहोचतील तेव्हा पोहोचतील.

लेप ओळखण्याच्या काही घरगुती खुणाही आहेत. तयार पोत हजारो लोक वापरतात. त्यामुळे दोन परक्या घरांच्या चित्रांत एकाच कोपऱ्यात एकाच आकाराचा डाग सापडला, तर तो डाग काळाने टाकलेला नव्हे. खरी घडी चित्राच्या पांढऱ्या किनारीपर्यंत जाते आणि घडीवर थर तुटलेला असतो. लेपातील घडी चेहऱ्यावरून जाते, पण तिच्याखाली डोळ्याची पापणीन् पापणी शाबूत असते. आणि ज्याच्याकडे कागदी प्रत आहे, त्याने ती उलटून पाहावी. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, कागद करणाऱ्या कंपनीचे फिके नाव असते, पेन्सिलीने लिहिलेले साल असते, कधी 'चि. बाळ, वय २, क्वार्टरचे अंगण' एवढाच मजकूर असतो.

भिलाईच्या सेक्टरांमधून निवृत्त झालेली माणसे आता घरे सोडून मुलांकडे, नागपूर-पुण्याकडे किंवा त्याहून दूर जात आहेत, आणि सामान आवरताना अल्बम निघतात. त्यांतील १९७० व १९८० च्या दशकांतील रंगीत चित्रे आज खरोखरीच म्हातारी होत आहेत. मैत्रीबागेच्या हिरवळीवरचा हिरवा रंग दर पावसाळ्यागणिक विटत चालला आहे. ही चित्रे स्कॅन करताना पुढची बाजू जशी घेतात तशीच मागचीही घ्यावी. चिकट पानाला बसलेले चित्र ओढून काढू नये, पानासकटच घ्यावे. घडी, डाग, बुरशी काही पुसू नये, रंगही सुधारू नयेत; सुधारायचेच असले तर दुसऱ्या प्रतीत सुधारावेत. चित्रात कोण उभे आहे, मागे कोणता सेक्टर दिसतो, कोणते साल होते, हे सांगणारी माणसे अजून समोर बसलेली आहेत, तोवर त्यांना विचारून ते लिहून घ्यावे आणि मग अल्बम पेटीत ठेवावा.